सबट्रीची हरवलेली नोंद : माझा अनुभव

'ही डिरेक्टरी कधी जोडलीच नव्हती' अशा अर्थाची एरर गिटने (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाने) दाखवली तेव्हा मला खरंच राग आला. जोडली होती ना! चार महिन्यांपूर्वी मीच जोडली होती.

आमच्या दोन सख्ख्या प्रकल्पांत पार्सरचा (मजकूर वाचून त्याचे भाग ओळखणारा) कोड एकच आहे. आधी तो हाताने कॉपी व्हायचा, त्यामुळे एकीकडे सुधारलेला बग दुसरीकडे तसाच राहायचा. सबमोड्यूल, म्हणजे दुसऱ्या रेपोचा (कोडच्या भांडाराचा) नुसता दुवा, नको होतं. साधा क्लोन (रेपोची प्रत) केला की फोल्डर रिकामाच दिसतो आणि नवा माणूस तिथेच अडतो. म्हणून गिट सबट्री घेतलं (ते दुसऱ्या रेपोतला कोडच आपल्या फोल्डरात आणतं), स्क्वॉशचा, म्हणजे त्याचा इतिहास एकाच कमिटमध्ये (नोंदलेल्या बदलात) दाबण्याचा पर्याय लावून. एका संध्याकाळचं काम.

घोळ झाला तो मर्ज करताना, म्हणजे हे बदल मुख्य कोडमध्ये मिसळताना. दुसऱ्या प्रकल्पात पुल रिक्वेस्ट (बदल घेण्याची विनंती) स्क्वॉश करूनच घ्यायची, असा नियम. कोणती डिरेक्टरी आणि मूळ रेपोतल्या कोणत्या कमिटपर्यंत आलो, हे सबट्री कमिटच्या संदेशातच लिहून ठेवतं. मर्ज करणाऱ्याने तो संदेश आटोपशीर केला आणि त्या ओळी गेल्या. दोन इतिहास जोडणारं सबट्रीचं मर्ज कमिटही गेलं. कोड जागेवर होता, पण तो कुठून आला याची नोंदच उरली नाही.

तीन दिवस मी फायलींमधले फरक डोळ्यांनी ताडत बसले. मग सुचलं: मजकूर तंतोतंत सारखा असेल तर गिटमध्ये ट्रीचा, म्हणजे फोल्डरचा, हॅशही (मजकुरावरून काढलेली ओळख-खूण) सारखाच येतो. जोडल्या दिवशीच्या फोल्डरचा ट्री हॅश काढला, मूळ रेपोच्या लॉगमध्ये प्रत्येक कमिटचा ट्री हॅश छापून घेतला आणि शोधला. जुळला! तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.

फोल्डर काढून त्याच कमिटपासून सबट्री पुन्हा जोडलं. मधल्या काळातले आमचे बदल 'गिट एएम'ने (पॅच फायली लावणाऱ्या कमांडने) परत लावले. हो, ते बदल फॉरमॅट-पॅचने (कमिटच्या पॅच फायली बनवणाऱ्या कमांडने) आधीच बाजूला काढून ठेवा, नुसत्या त्या फोल्डरपुरते. लेखकांची नावंही त्यात टिकतात, आणि ती टिकलीच पाहिजेत.

एवढं करूनही हे स्क्वॉश न करता साधं मर्ज कमिट म्हणून घ्यायची परवानगी मिळायला अडीच आठवडे गेले. रीबेस (कमिट नव्या पायावर पुन्हा रचणं) चालेल का, असं मला दोनदा विचारलं. नाही चालत, मर्ज कमिट त्यातही सपाट होतं. तेव्हा ही परवानगी सबट्री जोडण्याआधीच मागून घ्या. सिंकच्या (मूळ रेपोतले बदल आणण्याच्या) पुल रिक्वेस्टमध्ये दुसरा एकही बदल घालू नका. एखादंच कमिट चेरी-पिक करणार (निवडून आणणार) असाल तर 'एक्स' पर्याय लावा, म्हणजे मूळ हॅश संदेशात राहतो.

काल मूळ रेपोत युनिकोडची एक दुरुस्ती झाली. आज ती एका कमांडने आमच्याकडे आली, एकही कॉन्फ्लिक्ट (बदलांची टक्कर) न होता.