भुंगेरा सोडलाय ना? मग पोकलेन थांबवा

मध्य प्रदेशात बैतुल जिल्ह्यातल्या सारणीला औष्णिक वीजकेंद्राचा सातपुडा जलाशय आहे. त्यावर साल्विनिया मोलेस्टा हे पाण्यावर तरंगणारं तण माजलं, तिकडचे लोक तिला ‘चायनीज झालर’ म्हणतात. मूळची ती ब्राझीलची. बी धरत नाही, पण तुटलेल्या प्रत्येक तुकड्याचं रोप होतं आणि पोषक, उबदार पाण्यात ती दोन-तीन दिवसांत दुप्पट होते. नुसत्या उपशाने ती हटणं कठीणच.

जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने तिच्यावर सिर्टोबॅगस साल्विनी हा जेमतेम दोन मिलिमीटरचा भुंगेरा वापरला. प्रौढ कोंब खातो, अळी खोड पोखरते. आपल्याकडच्या जलपर्णीला तो तोंडही लावत नाही, तिचा भुंगेरा, निओकेटिना, वेगळा. भुंगेरा पुरवला की शास्त्रज्ञांचं निम्मं काम झालं. बिघडतं ते बहुतेक त्यानंतर.

सुटे किडे नेण्यापेक्षा किडे लागलेली झाडंच ओल्या गोणपाटात, सावलीतून न्या. ती सगळीकडे विखरू नका. वारा न लागणाऱ्या दोन-तीन कोपऱ्यांतच दाट सोडा आणि बांबू रोवून खूण करा. तिथे उपसा नाही, तणनाशक नाही. साहेबांची पाहणी आहे म्हणून तोच काठ साफ केला, तर पैदासच ट्रॉलीत भरून जाते. मध्य भारतात डिसेंबर-जानेवारीत सोडू नका, पाणी विशीच्या खाली गेलं की अंडी घालणं जवळपास थांबतं. पावसाळ्यात दारं उघडली की थराबरोबर किडेही वाहून जातात, म्हणून एका टाकीत राखीव पैदास हवीच.

दर महिन्याला मूठभर झाडं काढून काळे पडलेले कोंब मोजा. किडे मोजायचे तर झाडं नरसाळ्यात ठेवून वर बल्ब लावा, उष्णतेने ते खालच्या बाटलीत उतरतात.

पानं पिवळट असतील तर आधी नत्र तपासून घ्या. पापुआ न्यू गिनीत सेपिक नदीच्या पाणथळात १९८०च्या दशकात भुंगेरा काही केल्या टिकेना. झाडात नत्रच कमी होतं. बांधीव तुकड्यांत युरिया टाकल्यावर तो वाढला. तण मारायला खत! आपल्याकडे ही फाईल पहिल्याच टेबलावरून परत येईल.

तपकिरी झालेला थर बुडून कुजतो, पाण्यातला प्राणवायू घटतो. मासेमारी सोसायटीला आधी कळवा आणि पंपाच्या जाळीपुढचा थर तेवढा हाताने काढत राहा. एखादी हिरवी पट्टी मात्र मुद्दाम ठेवा, नाहीतर भुंगेरा उपाशी मरतो आणि झालर परतली की पुन्हा जबलपूर गाठावं लागतं.