सिमेंटखालचं लाकूड

प्रवासी लाँचींचा सर्व्हे करणं, म्हणजे लाँच तपासून ती सुरक्षित असल्याच्या प्रमाणपत्रावर सही करणं, हे माझं काम. त्या दिवशी आषाढ अमावास्या होती. आमच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती दुपारी बारा-एकच्या सुमाराला येते आणि लाँच दुरुस्तीसाठी स्लिपवर, म्हणजे किनाऱ्याच्या उतारावर, ओढायची ती तेवढ्याच वेळात. हुकली की पौर्णिमेपर्यंत थांबा. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, त्यामुळे त्या दोन महिन्यांत स्लिप आणि मिस्त्री दोन्ही मच्छीमार बोटींच्या कामात. प्रवासी लाँचींचा नंबर लागतो ऑगस्टात, आणि पावसाळ्यात बंद असलेल्या फेऱ्या सुरू करायच्या असतात १ सप्टेंबरला.

तीस वर्षांची सागवानी लाँच. तळाला ताजा रंग दिलेला. सर्व्हेआधीच्या रंगावर माझा कधीच विश्वास नसतो. हातोडीने फळी फळी ठोकत गेलो. चांगलं लाकूड खणखणतं. इंजिनाच्या मागे, पठाणाला, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याला, लागून असलेल्या दोन फळ्यांवर आवाज एकदम बसला. आत उतरून पाहिलं, तर नेमक्या त्याच जागी तळात सिमेंट ओतलेलं.

"गळती होती, बंद केली," मालक म्हणाले.

सिमेंट फोडायला लावलं. खाली लाकूड काळं, ओलं, किड्याने चाळणी केलेलं. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तो मुठीपर्यंत आत गेला. बाजूचे तीन वाक, म्हणजे फळ्यांना आतून धरणाऱ्या बरगड्या, तेही गेलेले, खिळे गंजून नुसती लाल माती.

मालक म्हणाले, "साहेब, या वर्षी पॅसेंजर निम्मे घेतो. गणपतीनंतर काम करू." माझी सही होणार नव्हती. पॅसेंजर कमी केल्याने फळी घट्ट होत नाही. पाणी आत येताना डोकी मोजत नाही. १७ जुलै १९४७ला, अशाच आषाढ अमावास्येच्या तोंडावर, मुंबईहून रेवसला जाताना रामदास ही प्रवासी बोट बुडाली, सहाशेवर माणसं गेली. ती बोट जुनीही नव्हती. या पट्ट्यात ते कुणाला सांगावं लागत नाही, आणि इथली माणसं लाँचीत पाय ठेवतात ते त्या प्रमाणपत्राच्या भरवशावर.

लाँच चालवणारे म्हातारे सारंग इतका वेळ गप्प होते. मालक फोनवर बोलायला बाजूला गेले तसे जवळ आले. "साहेब, मार्चपासून तळातलं पाणी काढायला दर फेरीला पंप लावायला लागायचा. आधी दिवसातून एकदा पुरायचा."

"काका, हे कुणाला सांगितलंत?"

"सांगितलं की. सीझन चालू होता."

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. लाँच मार्चमध्येच सांगत होती. तेव्हाच मिस्त्री ठरवला असता, लाकूड आणून ठेवलं असतं, तर मे संपताना फेऱ्या थांबल्याबरोबर ती वर घेता आली असती. आता फळ्यांचा साग लगेच मिळाला, पण वाकांना मुळातच वळलेली बाभूळ लागते. सरळ लाकूड कापून तो जोर येत नाही. तशी बाभूळ शोधण्यात नारळी पौर्णिमा गेली. श्रावण अमावास्येला मिस्त्री म्हणाला, अजून फटींत कापूस ठोकायचा आहे. गणपतीची सगळी गर्दी रस्त्याने गेली, मालकांचं मोठं नुकसान झालं. वाईट वाटलं, तरी घाई करू दिली नाही.

लाँच भाद्रपद पौर्णिमेला पाण्यात गेली. इंजिन चालू ठेवून दोन तास तळात बसलो. कोरडा. सही करताना मालकांना एक गोष्ट पाळायला सांगितली: पंप रोज किती वेळ चालला, ते सारंगांनी वहीत लिहायचं. मार्चमध्ये जाऊन मी ती वही बघणार आहे.