डिस्क गेलेली नव्हती

रविवार, रात्री उशिरा

आत्याचा लॅपटॉप आज चालू झाला. बरं वाटतंय, म्हणून लगेच लिहून ठेवतो.

सोलापुरात अशोक चौकाजवळच्या त्यांच्या घरात मागं टॉवेलचे माग आणि पुढच्या खोलीत हिशेब. तो सगळा या एकाच मशीनवर. अपडेट चालू असताना वीज गेली, बॅटरी दमलेली, लॅपटॉप तिथंच बंद पडला. रीसेटही अर्ध्यावर थांबून मागं फिरायचं. मग पेनड्राइव्हवरून नवं विंडोज टाकायला घेतलं, तर कुठल्या डिस्कवर टाकायचं ते विचारणारी यादीच कोरी. नव्या पेठेतल्या एका दुकानात सांगितलं, एसएसडी, म्हणजे आतली डिस्क, गेली, नवी घाला, डेटा विसरा.

"सगळंच गेलं काय रे?" आत्यानं फोनवर विचारलं. अकरा तारखेच्या आत जीएसटीआर-१, म्हणजे जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र, भरायचं, सूतवाल्यांची देणी, कामगारांची उचल... सगळं त्यातच. एवढं मोठं उत्तर दुकानदारानं एका कोऱ्या यादीवरून दिलं, याचा मला अजून राग आहे.

मला ते पटलं नाही, कारण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, ५१२ जीबीची डिस्क नावासकट दिसत होती. उबुंटूचा (विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम) पेनड्राइव्ह लावला आणि इन्स्टॉल न करता नुसता चालवून बघितला. तिथंही डिस्क हजर! सी ड्राइव्हला बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजच्या सुरक्षेचं, कुलूप होतं. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आत्याच्या मुलीनं तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून दिली. ती एकेक आकडा वाचत होती आणि आत्या शेजारी श्वास रोखून उभी. कुलूप उघडलं तसं सगळं आधी बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतलं. टॅलीप्राइम या हिशेबाच्या प्रोग्राममधला आपल्या धंद्याचा डेटा सहसा डेस्कटॉपवर नसतो. आपण जागा बदलली नसेल तर तो सी ड्राइव्हच्या यूजर्समधल्या पब्लिक फोल्डरात असतो. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स तेवढे कॉपी करून फॉरमॅट मारलं की वर्षांचे हिशेब जातात, आणि ते गेल्याचं टॅली उघडेपर्यंत कळतही नाही.

मग यादी कोरी का? प्रोसेसर इंटेलच्या अकराव्या पिढीचा. या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या मागं असते. दार बंद असलेल्या खोलीतलं माणूस जसं दिसत नाही, तशी ती त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर (तो चालवणारा छोटा प्रोग्राम) नसलेल्या इन्स्टॉलरला दिसत नाही. उबुंटूच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, तो ड्रायव्हर आधीपासून असतो, म्हणून तिथं दिसली. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून त्यासाठीचा इंटेल आरएसटी नावाचा ड्रायव्हर उतरवला. तो ईएक्सई फाइलमध्ये येतो आणि इन्स्टॉलरला ती चालत नाही. ती सोडवून आतल्या आयएनएफ फाइली असलेलं फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवावं लागतं. ते ठेवलं, 'लोड ड्रायव्हर' दाबलं, फोल्डर दाखवलं, आणि सगळी पार्टिशन्स ओळीनं समोर आली.

बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसली असती, पण ती सोय प्रत्येक लॅपटॉपमध्ये नसते. शिवाय तसं टाकलेलं विंडोज, पुढं कुणी ते सेटिंग परत चालू केलं, तर बूटच होत नाही असं घडतं. मी त्या वाटेला गेलो नाही.

पुढचं सरळ होतं. टॅली उघडली, डेटा परत जागेवर ठेवला. आत्यानं चष्मा लावून शेवटची बिलं वहीशी ताडून बघितली, सगळी जुळली, आणि मग कुठं ती जेवायला बसली.

प्रिंटरचा ड्रायव्हर राहिलाय. बॅटरीही बदलायची आहे, नाहीतर पुढच्या अपडेटला वीज गेली की परत हेच.