मेर्सेदेस, मेर्सेस, मेर्शी

मेर्सेदेस हे स्पॅनिश मुलीचं नाव खरं तर अर्धंच नाव आहे. पूर्ण नाव मारिया दे लास मेर्सेदेस. पहिला शब्द मारिया, म्हणजे येशूची आई. पुढचे शब्द तिच्या एका रूपाची ओळख सांगतात. गोव्यात शांतादुर्गेच्या भक्ताने मुलीचं नाव नुसतं शांता ठेवावं, तसाच हा प्रकार. या नावाच्या स्पेलिंगचे, उच्चाराचे आणि जुन्या नोंदींतले बहुतेक घोटाळे आधीची मारिया गळल्यामुळेच होतात, म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

स्पॅनिशमध्ये अशा नावांची मोठी रांग आहे: दोलोरेस (दुःखं), पिलार (खांब), कोन्सेप्सिओन, रेमेदिओस, सोकोर्रो, रोसारिओ, मिलाग्रोस. यांतली निम्मी गोव्याला पोर्तुगीज रूपात पाठ आहेत. दिवाडीवरचं पिएदाद, पर्वरीजवळचं सुकूर, बेताळभाटीची रेमेदिओस सायबीण (गोव्यात मारियेला सायबीण म्हणतात), लईराई देवीची बहीण मानली जाणारी म्हापशाची मिलाग्र सायबीण, ही सगळी त्याच कुळातली. गोव्यातला पिलारचा मठ फ्रान्सिस्कन संन्याशांनी 1613 मध्ये सुरू केला. पिलार हे नाव थेट स्पेनच्या सारागोसा शहरातल्या मारियेचं आहे, आणि 1580 ते 1640 या काळात पोर्तुगाल व त्याबरोबर गोवाही स्पेनच्या राजांच्या अमलाखाली होता. ‘गोव्याचा स्पेनशी काय संबंध’ असं विचारणाऱ्याने ही साठ वर्षं विसरू नयेत.

आता अर्थ. लॅटिनमध्ये ‘मेर्सेस’ म्हणजे मजुरी, केलेल्या कामाचा मोबदला. व्यापाराच्या मालाला ‘मेर्क्स’ म्हणत, त्याच घरातला हा शब्द. ख्रिस्ती लॅटिनमध्ये मोबदला स्वर्गातला झाला, आणि मग तो कमावलेला उरला नाही, कृपेने मिळालेला ठरला. स्पॅनिश ‘मेर्सेद’, पोर्तुगीज ‘मेर्से’, फ्रेंचमधलं आभाराचं ‘मेर्सी’ आणि इंग्रजी ‘मर्सी’ ही सगळी याच एका लॅटिन शब्दाची लेकरं. मेर्सेदेस हे स्पॅनिश अनेकवचन, मेर्सेस हे पोर्तुगीज अनेकवचन: कृपा, उपकार, वरदानं. शब्द स्त्रीलिंगी आणि अनेकवचनी, तरी नाव म्हणून वापरताना क्रियापद एकवचनीच.

नावाला वजन आलं ते बार्सिलोनात. 1218 मध्ये पेद्रो नोलास्को याने राजा जाउमे पहिला याच्या पाठिंब्याने एक धर्मसंघ काढला. काम एकच: भूमध्य समुद्रावर आणि सीमेवरच्या लढायांत पकडले जाऊन मुस्लिम राज्यांत बंदी झालेल्या ख्रिश्चनांना पैसे भरून सोडवणं. 1235 मध्ये पोप ग्रेगरी नववा याने संघाला मान्यता दिली. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या नेहमीच्या तीन व्रतांखेरीज या संन्याशांचं चौथं व्रत होतं. पैसे अपुरे पडले आणि बंदिवानाचा धर्म धोक्यात आला, तर त्याच्या जागी स्वतः ओलीस राहायचं. मजुरी, किंमत, खंडणी, कृपा हे सगळे अर्थ इथे एका कामात एकत्र आले. मेर्सेदेस या नावाचा अर्थ नुसता ‘दया’ असा सांगणाऱ्या याद्या मला म्हणूनच अपुऱ्या वाटतात. ही दया किंमत मोजून येते.

या संघाची मारिया म्हणजे मेर्सेदची मारिया, आणि तिचा दिवस 24 सप्टेंबर. 1687 मध्ये बार्सिलोनावर टोळधाड आली तेव्हा नगरसभेने तिला नवस बोलून शहराची रक्षणकर्ती मानलं. 1868 मध्ये पोप पायस नववा याने त्यावर शिक्कामोर्तब केलं. शहराचा सर्वांत मोठा उत्सव आजही याच दिवसांत येतो. कातालान भाषेत त्याचं नाव ‘ला मेर्से’, आणि मुलीचं नावही मेर्सेच. अमेरिका खंडात पोहोचलेल्या पहिल्या संघांत हा संघ होता, त्यामुळे नाव तिकडे जोरात रुजलं. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये 24 सप्टेंबरला सार्वजनिक सुट्टी असते. अर्जेंटिनात तुकुमानची लढाई 1812 मध्ये नेमकी याच तारखेला झाली, आणि सेनापती बेल्ग्रानोने विजयानंतर आपला सेनापतीचा दंड मारियेच्या मूर्तीला अर्पण केला. त्याच तुकुमानात 1935 मध्ये जन्मलेली गायिका मेर्सेदेस सोसा जगाला माहीत आहे.

राजघराण्यानेही नावाला हातभार लावला. आल्फोन्सो बारावा याची पहिली राणी मारिया दे लास मेर्सेदेस 1878 च्या जानेवारीत लग्न होऊन आली आणि जूनमध्ये, वयाची अठरा वर्षं पुरी होताच वारली. राजाने दुसरं लग्न केलं, आणि त्या लग्नाची पहिली मुलगी 1880 मध्ये जन्मली तेव्हा तिलाही हेच नाव दिलं.

मर्सिडीज मोटारीची गोष्ट थोडक्यात, कारण ती सगळ्यांना अर्धी माहीत असते. एमिल येलिनेक हा ऑस्ट्रियन व्यापारी फ्रान्समधल्या नीसला राहून डाइम्लर कंपनीच्या गाड्या विकायचा. शर्यतीत उतरताना त्याने आपल्या मुलीचं नाव टोपणनाव म्हणून घेतलं. 1900 मध्ये कंपनीशी करार करून त्याने नव्या इंजिनाला तेच नाव लावलं, आणि 1902 मध्ये त्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंद झाली. मुलगी 1889 ची, व्हिएन्नात जन्मलेली. येलिनेकचे वडील व्हिएन्नातले नामवंत ज्यू धर्मगुरू, म्हणजे मारियेचं हे बिरुद एका रब्बीच्या नातीकडे आलं होतं. बेंझ कंपनी जोडली गेली ती पुढे, 1926 मध्ये.

गोव्यात हे नाव स्पॅनिश रूपात कमी आणि पोर्तुगीज रूपात जास्त भेटतं. पणजीला खेटून असलेल्या मेर्शी गावाचं सरकारी नाव मेर्सेस. तिथलं चर्च नोस्सा सेन्योरा दस मेर्सेस, म्हणजे याच सायबिणीचं. कोलव्याचं चर्चही तिचंच, पण ऑक्टोबरातल्या बाळ येशूच्या ‘फामा’ या उत्सवामुळे लोक सायबिणीचं नाव विसरतात. एक सूचना: 24 सप्टेंबर ही नावाची तारीख आहे, फेस्ताची (चर्चच्या वार्षिक उत्सवाची) नव्हे. प्रत्येक फिर्गजेचं, म्हणजे चर्चच्या हद्दीचं, फेस्त तिच्या परंपरेप्रमाणे ठरतं. तारखेचा अंदाज बांधून जाऊ नका, चर्चमध्ये विचारा.

उच्चाराचं पाहू. जोर मधल्या ‘से’वर: मेर्‌-से-देस. लॅटिन अमेरिकेत स्वच्छ ‘से’, तर स्पेनच्या मोठ्या भागात तिथे जीभ दातांत धरून ‘थे’ म्हणतात. ‘द’ मऊ, आपल्या ‘द’हूनही सैल, ‘ड’ नाही. जर्मन माणूस गाडीला ‘मेर्त्सेडेस’ म्हणतो आणि आपलं ‘मर्सिडीज’ इंग्रजीतून आलं. म्हणून देवनागरीत गाडीला मर्सिडीज, स्पॅनिश बाईला मेर्सेदेस आणि पोर्तुगीज वळणाच्या नावाला मेर्सेस लिहावं. बाईच्या नावात ‘मर्सिडीज’ छापलं की वाचणाऱ्याला आधी गाडीच दिसते, हा त्या बाईवर अन्याय आहे. लाडाची रूपं देशागणिक बदलतात: स्पेनमध्ये मेर्चे, मेक्सिकोत मेचे, बास्क प्रदेशातही मेर्चेच पण स्पेलिंग वेगळं, आणि सगळीकडे चालणारं मेर्सेदिता. गोव्यात इंग्रजी शाळा आल्यावर पुष्कळ मेर्सेस ‘मर्सी’ झाल्या. अर्थाने हा बदल चुकीचा नाही, कागदपत्रांत मात्र महाग पडतो.

जुन्या नोंदीत आजी-पणजीचं नाव शोधायचं असेल तर इथे सावकाश वाचा. पोर्तुगीज पद्धतीच्या सूच्यांत नावं बहुधा पहिल्या नावाने लावलेली असतात, आडनावाने नाही. घरात सगळे जिला मेर्सेस म्हणत, ती सूचीत ‘मारिया’खाली निघते, आणि मारियांची पानं संपता संपत नाहीत. तिथे ओळीतला दुसरा शब्द पाहत जायचं. लेखनिक मारिया पूर्ण लिहीतच असे असंही नाही; एक एम आणि वर बारीक ए, एवढ्यावर भागवलेलं असतं. मेर्सेसमधल्या दुसऱ्या ई-वर पोर्तुगीजमध्ये छपरासारखी खूण असते, ती हस्ताक्षरात पुसट होते आणि भारतीय कागदपत्रांत पूर्ण नाहीशी होते, म्हणून संगणकावर शोधताना खुणेसह आणि खुणेशिवाय दोन्ही करून पाहा. आडनावं दोन दिसली तर पोर्तुगीज रीतीने शेवटचं वडिलांचं. स्पॅनिश रीतीने पहिलं वडिलांचं. ही अदलाबदल लक्षात न घेतल्याने भलतंच घराणं हाती लागतं. आणि ‘दस मेर्सेस’ पाहून ती बाईच आहे असं धरू नका. जुझे किंवा आंतोनियो यांच्या मागेही हे बिरुद लागतं. लिंग पहिल्या नावावरून ठरवायचं.

पोर्तुगीज कागदांत आणखी एक फसवी जागा आहे. राजाने दिलेली जमीन, पद किंवा पेन्शन यालाही ‘मेर्से’च म्हणत, आणि लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो अभिलेखागारात अशा देणग्यांच्या नोंदवह्यांचा मोठा संग्रह आहे. ‘मेर्सेस’ टाकून शोधलं की बाईऐवजी जहागिऱ्याच समोर येतात. जुन्या पत्रांत ‘व्हॉसा मेर्से’ हे संबोधन, तेही अनेकदा आखडून दोन-चार अक्षरांत लिहिलेलं. त्याचा अर्थ ‘आपण’. कुणा बाईचा तिथे संबंध नाही. आजचं पोर्तुगीज ‘व्होसे’ आणि स्पॅनिश ‘उस्तेद’ ही दोन्ही सर्वनामं आपापल्या भाषेतल्या याच संबोधनाची झिजलेली रूपं आहेत.

लोकप्रियता मोजतानाही मारिया आड येते. स्पेनची राष्ट्रीय सांख्यिकी संस्था नावांची वारंवारता खुली ठेवते. देशात किमान 20 जणांचं असलेलं प्रत्येक नाव तिथे सापडतं, जन्मदशकानुसारही. पण ती मेर्सेदेस आणि मारिया मेर्सेदेस वेगवेगळं मोजते, मधले ‘दे लास’ गाळते, आणि कातालान मेर्से हे तिसरंच नाव धरते. तिन्हींची बेरीज केल्याशिवाय खरा आकडा कळत नाही, आणि इंटरनेटवरच्या बाळनावांच्या याद्या ती करत नाहीत. चित्र तरी स्पष्ट आहे: स्पेनमध्ये हे आज आई-आजीच्या पिढीचं नाव आहे, नवजात मुलींत दुर्मीळ होत चाललेलं. अमेरिकेत उलट झालं. तिथे नावाचा बहर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आला, आणि गाडीच्या झगमगाटाचा त्यात वाटा असावा असं मला वाटतं. अमेरिकी सरकारी यादीत फक्त पहिलं नाव धरतात आणि वर्षात पाचपेक्षा कमी मुलींना दिलेली नावं गाळतात, म्हणजे मारियामागे उभी असलेली मेर्सेदेस तिथेही मोजली जात नाही.

गोव्यात आज मुलीला हे नाव ठेवायचं तर बाप्तिस्म्याच्या नोंदीआधी आणि जन्मनोंदणीआधी एकच रूप पक्कं करा: मेर्सेदेस, मेर्सेस की मर्सी. चर्चच्या वहीत एक, दाखल्यावर दुसरं आणि शाळेत तिसरं, असं झालं की पासपोर्टच्या वेळी धावपळ ठरलेली. संपूर्ण ‘मारिया दस मेर्सेस’ ठेवत असाल तर फॉर्मवर हे तिन्ही शब्द नावाच्या रकान्यात एकत्र लिहा आणि आडनाव स्वतंत्र रकान्यात. मधलं ‘दस’ सुटं पडलं की संगणकापुढचा माणूस ते ‘दास’ हे आडनाव समजून टाकतो, आणि मुलगी कागदोपत्री बंगाली होते. जुन्या कागदांत रूपं आधीच वेगवेगळी असतील, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र बऱ्याच ठिकाणी चालतं. नाव कायमचं बदलायचं असेल तर गोव्यात त्यासाठी 1990 चा स्वतंत्र कायदा आहे. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करायला निघालेल्यांनी मात्र आधी मूळ पोर्तुगीजकालीन नोंदीची प्रत काढावी. तिथे तपासणारा अधिकारी ‘मर्सी’ आणि ‘मारिया दस मेर्सेस’ एकच आहेत हे मनाने धरणार नाही. म्हणून आईच्या किंवा आजीच्या नावाचं स्पेलिंग त्या प्रतीत जसं आहे तसंच पुढच्या प्रत्येक कागदावर उतरवावं.