ओसरीवरचा भुसा

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतील आमचे घर आजोबांच्या काळातील, माळवदाचे आहे आणि त्याच्या ओसरीवर बंगई टांगलेली आहे. गेल्या वर्षी फाल्गुनात या बंगईच्या गादीवर रोज सकाळी चमचाभर पिवळसर भुसा पडलेला दिसू लागला. आई तो झाडून घेई आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच भुसा पुन्हा हजर असे. वाळवीची शंका येऊन मी शिडी लावली, तेव्हा कडुलिंबाच्या तुळईला खालच्या अंगाने, गिरमिटाने पाडावे इतके नेटके गोल भोक पडलेले दिसले आणि त्या भोकाशी तोंड आणून एक काळाकभिन्न भुंगा बसलेला होता.

इंग्रजी शाळेत शिकणारी माझी भाची त्याला लगेच ‘बम्बलबी’ म्हणून मोकळी झाली. चित्रांच्या पुस्तकातील ती केसाळ, पट्ट्यापट्ट्यांची माशी आपल्या देशात हिमालयाच्या थंडीत राहते, जमिनीतील उंदराच्या जुन्या बिळात राणी आणि कामकरी माश्यांचे छोटे कुटुंब मांडते. सोलापूरच्या चाळीस अंशांवरच्या उन्हात ती यायची नाही. आमचा हा लाकूड पोखरणारा भुंगा एकांडा असतो. त्याला राणी नाही, पोळे नाही, मध साठवण्याची हाव नाही. खरे म्हणजे ‘त्याला’ म्हणणेही चूक आहे, कारण पोखरण्याचे सारे काम मादीच करते. ती लाकूड खात नाही, केवळ जबड्याने कुरतडून भुसा बाहेर टाकते. भोक थोडे आत गेले की ती काटकोनात वळते आणि लाकडाच्या रेषेला धरून बोगदा पुढे नेते. त्या बोगद्याच्या टोकाशी पराग आणि मकरंद मळून केलेला गोळा ठेवायचा, त्यावर एकच अंडे घालायचे, भुशात लाळ कालवून पडदी उभारायची आणि त्याच्या अलीकडे पुढची खोली मांडायची, असा तिचा संसार असतो. कीटकांच्या जगातील सर्वांत मोठ्या अंड्यांमध्ये या भुंग्यांची अंडी मोडतात.

हे सारे मला नंतर कळले. त्या वेळी आमच्या ओळखीच्या सुतारमामांनी ‘रॉकेल ओता आणि लांबी (पुट्टी) भरून टाका’ असा सल्ला दिला होता. रॉकेल ओतायला आईने साफ नकार दिला, म्हणून एका संध्याकाळी मी नुसती लांबी भरली. त्या रात्री वीज गेली, पंखे थांबले, पेठ शांत झाली आणि तुळईतून कुरतडण्याचा बारीक, न थांबणारा आवाज येऊ लागला. डोक्यात भुंगा शिरणे म्हणजे काय ते मला त्या रात्री नीट उमगले. अखेर टॉर्च तोंडात धरून शिडीवर चढलो आणि अजून ओली असलेली लांबी पेचकसाने खरवडून काढली. सकाळी मादी बाहेर आली तेव्हा तिच्या काळ्या पाठीवर लांबीची पांढरी भुकटी होती. भोकाच्या कडेवर बसून तिने मागच्या पायांनी ती बराच वेळ झटकली आणि मग निळसर जांभळे पंख चमकवीत उडून गेली.

भीती होती ती डंखाची. उंबऱ्याशी एक भुंगा तासन्‌तास अधांतरी थबकून राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडासमोर येऊन गुरगुरायचा, त्यामुळे आई ताट घेऊन वाकूनच ओसरी ओलांडायची. हा पहारेकरी म्हणजे नर, आणि नराला नांगीच नसते! नांगी मादीला असते, पण हातात पकडल्याशिवाय किंवा चिरडू पाहिल्याशिवाय ती सहसा ती वापरत नाही. वर्षभरात आमच्या घरी कोणालाही डंख झालेला नाही.

माझे मत बदलले ते मात्र गच्चीवरच्या वांग्यांमुळे. वांग्याच्या फुलातील पराग टोकाशी बारीक छिद्र असलेल्या नळ्यांत कोंडलेला असतो आणि ते फूल गदागदा हलवल्याशिवाय तो नीट सुटत नाही. मधमाशीला हे जमत नाही. भुंगा फुलाला मिठी मारतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो आणि त्या क्षणी त्याची नेहमीची घुंघुं एकदम चढ्या पट्टीत जाते. हा सूर एकदा कानाने टिपला की पाठ फिरवलेली असतानाही कळते की मागे वांग्याच्या फुलावर काम चालू आहे. तुरीच्या पिवळ्या फुलांवर, शेवग्यावर आणि माळावरच्या रुईवरही हीच मंडळी राबतात, आणि तूर हे तर आपल्या जिल्ह्याचे पीक आहे.

म्हणून आम्ही बाकीच्या तुळयांना आणि चौकटींना तेलरंगाचे दोन हात दिले, कारण रंगवलेल्या लाकडापेक्षा उघडे, वाळलेले लाकूड त्यांना अधिक पसंत असते. ती एक तुळई तशीच ठेवली. मिस्त्रींना दाखवून तिला खालून एका लोखंडी खांबाचा आधारही दिला, कारण तेच बोगदे पुढची पिढी वापरते, वाढवते आणि लाकूड हळूहळू पोकळ होत जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. शिवाय एका टोकाला पेर राखून कापलेले बांबूचे तुकडे गच्चीच्या कठड्याला बांधले. भुंग्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिले नाही. एका चिमुकल्या पानकातऱ्या माशीने मात्र ती जागा पटकावली आणि आता आईच्या गुलाबाच्या पानांना गोल गोल कातरणे पडली आहेत, ज्यावरून घरात नवा वाद सुरू आहे.

बंगई आम्ही दोन हात पलीकडे सरकवली आहे. जुन्या जागी फरशीवर आईने एक फुटकी परात ठेवली असून तिच्यातील भुसा ती दर रविवारी वांग्यांच्या कुंड्यांत टाकते.