नाव पुढे की पाठीवर?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या पोरांच्या फुटबॉल टीमला पहिल्यापासून गल्लीचंच नाव आहे, त्याला शेपूट 'इलेव्हन'चं. अकरा जण वेळेवर जमले तर नशीब, पण नाव इलेव्हन. परवा टाइल्सचं दुकान असलेल्या एका शेठनी अठरा जर्सी, चार बॉल आणि वर्षभराची एन्ट्री फी द्यायची तयारी दाखवली. अट एकच, टीमचं नाव बदलायचं. आधी दुकानाचं नाव, मग एफसी. गल्ली गायब.

खजिनदार मी, आणि खरं सांगतो, सगळ्यात आधी हो म्हणालो तो मीच. जुन्या जर्सीवरची अक्षरं इतकी निघालीयत की मागच्या मॅचला गोलकीपरच्या छातीवर नुसतं 'लेव्ह' उरलं होतं. समोरची पोरं त्याला पूर्ण वेळ 'ए लव्ह' म्हणून हाक मारत होती.

संध्याकाळी ओटल्यावर सगळे जमलो, सेव उसळ मागवली. नाना आमचे कायमचे लाइन्समन. पाव बुडवता बुडवता म्हणाले, "१९७४ साली बडोद्याचं वडोदरा झालं ना? रणजी ट्रॉफीत टीम अजून बरोडा म्हणूनच खेळते. बँक अजून बँक ऑफ बरोडाच. आणि तू घरी काय म्हणतोस रे?"

घरी आम्ही बडोदंच म्हणतो. मी गप्प बसलो आणि रस्सा पुन्हा वाढून घेतला.

मग कोणीतरी कोलकात्याच्या मोहन बागानचा विषय काढला. १८८९ सालचा क्लब, २०२० मध्ये एटीके या कोलकात्यातल्याच दुसऱ्या क्लबबरोबर जोडला गेला आणि नाव झालं एटीके मोहन बागान. समर्थकांनी 'रिमूव्ह एटीके' म्हणत मालकांचं डोकं खाल्लं. २०२३ मध्ये गोव्यात आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, फायनल जिंकली, त्याच रात्री मालकांनी एटीके काढत असल्याचं जाहीर केलं. नवं नाव मोहन बागान सुपर जायंट. म्हणजे मालकांचा शब्द नावात आहेच, फक्त आता तो मागे गेलाय आणि मोहन बागान पुढे आलंय. इंग्लंडमध्ये हल सिटीच्या मालकांना 'हल टायगर्स' करायचं होतं, तिथे तर २०१४ मध्ये फुटबॉल असोसिएशननंच नाही म्हणून सांगितलं. आमच्या गल्लीला कुठली आलीय असोसिएशन! नानाच काय ते.

दुसऱ्या दिवशी मी आणि नाना दुकानात गेलो. छातीवर गल्लीचं नाव राहू द्या, दुकानाचं पाठीवर घालू, असं मी जरा चाचरतच म्हणालो. शेठनी टाइलच्या सँपलवरची धूळ पुसली, थोडा वेळ नानांकडे बघितलं आणि म्हणाले, "पाछळ तो पाछळ, पण मोटुं जोईए."

मोठं म्हणजे इतकं मोठं झालंय की नंबराला पाठीवर जागाच उरली नाही. नंबर आता चड्डीवर आहेत. रविवारी पोलो ग्राउंडवर रेफरीला समजावून सांगायचं काम नानांकडे.