शाफ्टवरची खूण रंगाखाली गेली तेव्हा : गिअरबॉक्स बदलल्यानंतरचा माझा अनुभव

ट्रकचा गिअरबॉक्स बदलणे हे मोठे काम आणि त्यानंतर शाफ्ट, म्हणजे बॉक्सची गती मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा, जोडणे हे किरकोळ काम, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी इंदूरमधल्या एखाद्या शाफ्ट कापून देणाऱ्या दुकानासमोर ताटकळून पाहावे. आमच्या सहाचाकी गाडीचा पाच गिअरचा जुना बॉक्स तडकला होता. त्या जागी सहा गिअरचा बसवण्याचे काम आमच्या मिस्त्रींनी इतक्या सफाईने केले, की त्याविषयी लिहिण्यासारखे काही उरलेले नाही. लिहायचे आहे ते त्या बॉक्सपासून मागच्या हौसिंगपर्यंत (मागच्या धुऱ्याच्या मधल्या पेटीपर्यंत) जाणाऱ्या शाफ्टविषयी आणि तो जिथे अडकून पडला त्या दुकानाविषयी.

नवा बॉक्स जुन्यापेक्षा लांब असल्यामुळे त्याचा मागचा फ्लँज, म्हणजे शाफ्ट बोल्टने जोडायची गोल तबकडी, सुमारे साडेतीन इंच मागे आला. आमच्या गाडीचा शाफ्ट दोन तुकड्यांचा आहे : पुढचा लहान तुकडा बॉक्सपासून सेंटर बेअरिंगपर्यंत (चॅसिसला कंसाने टांगलेल्या, रबरात बसवलेल्या मधल्या बेअरिंगपर्यंत) जातो आणि मागचा मोठा तुकडा तिथून हौसिंगपर्यंत. आत-बाहेर सरकणारे दाते मागच्या तुकड्यात असतात, कारण खड्ड्यात पाटे दबले की मागचा धुरा जागा बदलतो आणि ते अंतर भरून काढण्याची सोय तिथेच हवी. पुढच्या तुकड्याला मात्र अशी कोणतीही सोय नाही. त्याची दोन्ही टोके चॅसिसच्या आधाराने एका जागी राहतात. त्यामुळे त्याची लांबी चार-पाच मिलिमीटरने चुकली, तरी सेंटर बेअरिंगचे रबर कायमचे पुढे किंवा मागे ओढले जाते आणि थोड्याच दिवसांत फाटते.

सेंटर बेअरिंगचा कंसच साडेतीन इंच मागे सरकवावा, म्हणजे कापाकापी नको, असे सुचवणारेही भेटले. तसे केले असते तर मागच्या तुकड्याचे दाते तितकेच आत गेले असते आणि गाडी भरल्यावर ते पूर्ण मिटून थेट बॉक्सच्या बेअरिंगवर धक्का बसला असता. गाडी चाकांवर उभी असताना दाते पूर्ण मिटण्याला किमान इंचभर वाव उरला पाहिजे. म्हणून पुढचा तुकडा कापणे हाच मार्ग होता.

फ्लँजची छिद्रेही जुळत नव्हती. एका खरादवाल्याने नवी छिद्रे पाडून देतो म्हणून तत्परता दाखवली, ती मी नाकारली. फ्लँजचा मध्य बोल्ट राखत नाहीत, त्याच्या मधोमध असलेली गोल उठावदार कड राखते. ती कड समोरच्या खाचेत घट्ट बसत नसेल, तर छिद्रे कितीही नेमकी पाडली तरी शाफ्ट मध्यावर फिरणार नाही. जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून, नव्या बॉक्सच्या दात्यांवर बसणारा आणि आमच्या शाफ्टशी जुळणारा फ्लँज मिळाला आणि तो प्रश्न मिटला.

आता ते दुकान. मी दोन्ही तुकडे तिथे नेले, कारण कापल्यानंतर दोन्हींचा तोल एकत्र साधावा अशी माझी इच्छा होती. काम स्पष्ट सांगितले होते : पुढच्या तुकड्याची नळी लेथवर धरून टोकाची वेल्डिंग सोडवावी, ठरलेली लांबी कमी करावी, टोक पुन्हा बसवून डायल गेजवर तपासावे, नळीचा हेलकावा अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणावा आणि मग तोल साधावा. मागच्या तुकड्याला तोल साधण्यापलीकडे हात लावण्याचे काही कारण नव्हते. शेठजींनी ‘परवा या’ म्हणून सांगितले. त्या परवाचे पुढे काय झाले ते सांगत बसत नाही. दर वेळी मशीनवर दुसऱ्याच कोणाचा तरी शाफ्ट फिरत असे आणि आमचा कोपऱ्यात उभा असे. गाडी उभी असली तरी हप्ता उभा राहत नाही आणि बऱ्हाणपूरची केळीही कोणासाठी थांबत नाहीत, हे त्या दुकानातल्या कोणालाही सांगून उपयोग नव्हता.

शेवटी शाफ्ट मिळाला तो काळ्या रंगात चकचकीत रंगवलेला. रंग मी सांगितला नव्हता. तो नळीवर तर होताच, पण फ्लँजच्या जुळणाऱ्या तोंडावर, मधल्या कडेवर आणि दात्यांच्या उघड्या भागावरही होता. आमच्या मिस्त्रींनी घासून ही तोंडे धातूपर्यंत स्वच्छ केली, कारण रंगाचा पापुद्रा मध्ये राहिला तर बोल्ट आवळताना घट्ट वाटतात आणि रंग दबला की सैल पडतात. सर्वांत वाईट गोष्ट मात्र घासून परत येण्यासारखी नव्हती. दुकानदाराने मागच्या तुकड्याचे दाते न विचारता खोलले होते, आत ग्रीस भरले होते आणि पुन्हा जोडताना कारखान्यातून आलेले समोरासमोरचे दोन बाण रंगाखाली घालवले होते.

गाडी निघाली आणि ताशी पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास केबिनच्या तळाशी एक घुमणारी थरथर सुरू झाली. दुकानदाराचे म्हणणे असे, की तोल मशीनवर साधलेला आहे, दोष असेल तर सहाव्या गिअरचा, कारण त्यात शाफ्ट जास्त वेगाने फिरतो. मिस्त्रींचे म्हणणे असे, की बॉक्समधून आवाजच नाही. दोघांच्या मध्ये मी, आणि रोज बुडणारे भाडे.

इथे माझा भाचा कामाला आला. तो एस. जी. एस. आय. टी. एस.मध्ये मेकॅनिकल शिकतो. बायपासच्या सर्व्हिस रोडवर सकाळी रहदारी कमी असताना आम्ही त्याच एका वेगाने गाडी निरनिराळ्या गिअरांत चालवली आणि नंतर त्याच वेगाला क्लच दाबून पाहिला. थरथर तिळमात्रही बदलली नाही. रस्त्यावरचा वेग तोच असेल तर शाफ्टचे फेरे तेवढेच असतात, कारण ते चाकांच्या आकारावर आणि हौसिंगमधल्या क्राउन-पिनियन या दातेरी चाकांच्या जोडीवर ठरतात, गिअर कोणताही असो. सहाव्या गिअरमध्ये शाफ्ट जास्त फिरत नाही, इंजिन कमी फिरते. दुकानदाराचा सगळा युक्तिवाद इथेच संपत होता. क्लच दाबल्यावरही थरथर राहिली, म्हणून इंजिनही संशयातून सुटले. ज्यांच्या गाडीत असा वाद सुरू असेल त्यांनी कोणताही भाग खोलण्याआधी ही चाचणी करावी, तिला डिझेलापलीकडे खर्च नाही.

गाडीखाली जाऊन पाहिल्यावर कारण दिसले. मागच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे काटे, म्हणजे सांध्याचा क्रॉस धरणारे दोन बाहूंचे भाग, एका रेषेत असायला हवेत. आमचे एका दाताने फिरलेले होते. सोळा दात्यांच्या शाफ्टमध्ये एक दात म्हणजे साडेबावीस अंश. क्रॉसचा (अधिकच्या चिन्हासारख्या तुकड्याचा) सांधा कोनात फिरतो तेव्हा पुढून समान वेगाने आलेली गती मागे प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद होते. दुसरा सांधा त्याच कोनात आणि त्याच रेषेत असेल, तर हा चढउतार तो पुसून टाकतो. रेष चुकली की पुसण्याऐवजी काही भाग शिल्लक राहतो आणि तोच केबिनमध्ये पोहोचतो.

मग तोलाच्या मशीनने हे का दाखवले नाही, असा प्रश्न मलाही पडला होता. भाच्याने त्याचे उत्तर एका वाक्यात दिले : “मामा, मशीनवर शाफ्ट सरळ फिरतो, गाडीत कोनात फिरतो.” मशीनवर सांध्यांना कोनच नसतो, त्यामुळे काट्यांची रेष चुकली तरी तोल साधतो. आणि म्हणूनच दाते सोडवून एक दात मागे घेणे एवढ्यावर आमचे काम भागणार नव्हते. तोलाची वजने चुकीच्या जोडणीवर वेल्ड केलेली होती. रेष दुरुस्त करताच तोल बिघडणार होता, म्हणजे पुन्हा त्याच दुकानाची पायरी.

तिथे पुन्हा तेच : कंपनीतून असेच येते, काही शाफ्टचे काटे मुद्दाम फिरवलेले असतात. काही शाफ्टच्या बाबतीत हे खरेही आहे, पण म्हणूनच तर कारखाना बाण कोरतो आणि ते बाण रंगवायचे नसतात. तोंडी वाद निष्फळ ठरल्यावर मी शेठजींना दुकानाच्या समोरच उभ्या असलेल्या, आमच्याच मॉडेलच्या एका गाडीखाली वाकून पाहायला लावले. तिथे बाण समोरासमोर होते आणि काटे एका रेषेत होते. शेठजी बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी आत जाऊन पोराला आमचा शाफ्ट मशीनवर चढवायला सांगितले, आणि त्या वेळी मात्र मशीन रिकामे निघाले. बाणांवरचा रंग खरवडला आणि रेष जुळवली. जुनी वजने काढली गेली, दोन्ही तुकडे एकत्र फिरवून तोल नव्याने साधला गेला. हे सर्व मी स्टुलावर बसून पाहिले, उठलो नाही.

शाफ्ट खोलण्यापूर्वीच करायची एक गोष्ट इथे आठवली म्हणून सांगतो : प्रत्येक जोडावर, फ्लँजवरही, छिन्नीने हलकी खूण करावी. खडू किंवा रंग पुरत नाही, ते मी पाहिले. आणि त्याहून आधीची गोष्ट म्हणजे चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. शाफ्ट सुटल्यावर गाडी गिअरमध्ये असली तरी चाकांना तो गिअर धरून ठेवू शकत नाही.

परत बसवताना कोनही मोजून घेतले. भाच्याच्या फोनमधले कोन दाखवणारे साधन बॉक्सच्या फ्लँजवर आणि मग पिनियनच्या फ्लँजवर टेकवले : तीन अंश आणि साडेतीन अंश. या दोन्हींत एक अंशापेक्षा जास्त फरक नसावा. आला तर बॉक्सच्या मागच्या माउंटिंगखाली पातळ पट्टी घालून तो कमी करता येतो. अगदी शून्य कोनही बरा नव्हे, कारण क्रॉसच्या चार टोकांवरच्या कपांतल्या सुया, म्हणजे बेअरिंगचे बारीक रोलर, मग हलत नाहीत आणि एकाच जागी खाचा पाडतात. कोन मोजताना गाडी सपाट जागी आणि स्वतःच्या चाकांवर असावी. जॅकवर धुरा लोंबकळत असताना घेतलेले माप निरुपयोगी असते.

क्रॉसमध्ये ग्रीस भरताना चारही कपांतून नवे ग्रीस बाहेर आल्याशिवाय पंप थांबवू नये. आमचा एक कप हटून बसला होता. शाफ्ट हाताने वर दाबून धरल्यावर त्यातूनही ग्रीस आले. बोल्ट आणि नट नवेच घेतले आणि कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या जोराने टॉर्क पान्यावर आवळले.

रिकाम्या गाडीने पंचेचाळीसच्या पुढे गेल्यावर केबिन शांत राहिली, तेव्हा भाच्याने माझ्याकडे पाहिले आणि मी रस्त्याकडे पाहिले, कारण मला हसू दाखवायचे नव्हते. नंतर भरलेल्या गाडीने सिमरोलपुढचा भेरूघाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढताना, म्हणजे शाफ्टवर सर्वाधिक ताण असताना, सेंटर बेअरिंगकडे कान देऊन होतो. तिथूनही काही आले नाही. इंदूरला परतल्यावर फ्लँजचे बोल्ट पुन्हा तपासले आणि दोन बोल्ट किंचित फिरले, म्हणून पहिल्या फेरीनंतर ही तपासणी टाळू नये.

दुकानदाराने बिलात कापणी, वेल्डिंग, तोल आणि रंग असे चार आकडे लिहिले होते. पहिल्या तिन्हींचे पैसे मी दिले.